च. चि. १/१/६२ आणि संगणक : संहितांच्या संदर्भांसाठी निर्देशशैली कशी घडवावी

च्यवनप्राशाचा मूळ पाठ कोठे आहे, असे विचारले असता जाणकार वैद्य एका श्वासात सांगतो : च. चि. १/१/६२-७४. या एवढ्याशा अक्षरसमूहात ग्रंथ, स्थान, अध्याय, पाद आणि श्लोक असे सर्व काही सामावलेले असते. त्यात पृष्ठांक नसतो, प्रकाशकाचे नाव नसते, सालही नसते. हस्तलिखिताचे पान प्रत्येक प्रतीत निराळे पडते, म्हणून आपल्या परंपरेने पानावर विसंबून न राहता ग्रंथाच्या अंतर्गत रचनेवरच पत्ता बेतला. टीकाकार एकमेकांना असेच उद्धृत करीत आले आणि आपणही महाविद्यालयात असेच लिहावयास शिकलो.

संशोधनलेख, पदव्युत्तर प्रबंध किंवा औषधनिर्मितीच्या परवान्याचा अर्ज संगणकावर तयार करताना मात्र हा पत्ता अडचणीत येतो. संदर्भांची व्यवस्था ठेवणारी सॉफ्टवेअर लेखकाचे आडनाव, साल आणि पृष्ठ या त्रयीवर किंवा नुसत्या अनुक्रमांकावर उभी आहेत. त्यांच्या हाती चरकसंहिता दिली की 'अग्निवेश, २०११' असा काहीसा विनोदी निर्देश छापला जातो, किंवा नुसता '५' हा आकडा येतो आणि वाचकाने एकशेवीस अध्यायांतून आपला श्लोक शोधून काढावा अशी अपेक्षा राहते. देवळा, कळवण व सटाणा परिसरातील आमच्या काही वैद्यबंधूंनी रुग्णवृत्तांत लिहिण्यास प्रारंभ केल्यापासून आणि दोन-तीन औषधनिर्मात्यांनी आपली कल्पनोंदवही संगणकावर आणल्यापासून हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो. सॉफ्टवेअरची छापील शैली मान्य करून आपला पत्ता तोडावा, की शैलीच आपल्या पत्त्याप्रमाणे वळवून घ्यावी? आमचे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे आहे, आणि ते काम वाटते तितके अवघड नाही. प्रस्तुत लेखात त्याचीच रीत सांगावयाची आहे.

तत्पूर्वी हा केवळ लेखनशिस्तीचा प्रश्न नव्हे, हे औषधनिर्मात्यांच्या ध्यानी आणून देणे आवश्यक वाटते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या पहिल्या अनुसूचीत आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांची यादी आहे. शास्त्रोक्त औषध म्हणजे या ग्रंथांतील पाठानुसारच तयार केलेले औषध, अशी कायद्याची व्याख्या आहे. चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय, शार्ङ्गधर, भावप्रकाश, योगरत्नाकर, भैषज्यरत्नावली यांच्या सोबतीने निघंटुरत्नाकर आणि शंकर दाजी शास्त्री पदे यांचा आर्यभिषक् हेही त्या यादीत आहेत. (पदेशास्त्र्यांचे नाव नाशिक जिल्ह्यातील वैद्यांना सांगावयास नको. १९०७ साली आयुर्वेद महासंमेलनाचा आरंभ त्यांनी नाशकातच केला.) १९४५ च्या नियमावलीतील नियम १६१ नुसार लेबलावर घटकद्रव्यांची यादी व प्रमाण यांच्यासह प्रमाणग्रंथातील निर्माणविधीचा आणि अधिकरणाचा निर्देश करावा लागतो. २०१० पासून लागू असलेल्या नियम १५८-ब नुसार परवान्यासाठीही ग्रंथाधार दाखवावा लागतो.

अधिकरणाचा आग्रह कायद्याने उगाच धरलेला नाही. आनंदभैरव रस या एकाच नावाखाली ज्वराधिकारातील पाठ वेगळा आणि कासाधिकारातील पाठ वेगळा. लक्ष्मीविलासाचीही तीच गत. सितोपलादी चूर्ण चरकाच्या राजयक्ष्मचिकित्सेत (च. चि. ८/१०३-१०४) आहे आणि शार्ङ्गधराच्या मध्यमखंडातील चूर्णाध्यायातही आहे. निर्माता दोहोंपैकी कोणताही आधार घेऊ शकतो, परंतु अर्जात एक, लेबलावर दुसरा आणि माहितीपत्रकात तिसरा असे झाले की तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यास प्रश्न विचारण्यास जागा मिळते. असे बहुधा लबाडीने होत नाही. अर्ज एकाने टंकलिखित केलेला असतो, लेबल मुद्रकाने जुन्या नमुन्यावरून उतरविलेले असते आणि माहितीपत्रक विक्री प्रतिनिधीने आणखी कोठून तरी घेतलेले असते. संदर्भ एकाच ठिकाणी नोंदवून तेथूनच सर्वत्र उमटविण्याची सोय असेल, तर ही फाटाफूट मुळातच टळते. संदर्भव्यवस्थापक सॉफ्टवेअरचा औषधनिर्मात्यास खरा उपयोग हा आहे.

साधन कोणते?

आम्ही झोटेरो हे सॉफ्टवेअर डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रातून ते २००६ साली बाहेर पडले. ते विनामूल्य आहे, वर्ड व लिबरऑफिस या दोन्हींना जोडता येते, आणि आपल्या ग्रामीण भागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकदा बसविल्यावर इंटरनेट नसतानाही सर्व काम करते. नोंदी आपल्याच संगणकावर राहतात. मेंडेले हे दुसरे प्रचलित साधन. २०१३ पासून ते एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचे आहे. एंडनोट सशुल्क आहे. त्यात 'एन्शंट टेक्स्ट' अर्थात प्राचीन ग्रंथ असा नोंदीचा स्वतंत्र प्रकार मुळातच दिलेला आहे, ही गोष्ट त्याच्या बाजूने नमूद केली पाहिजे. परंतु एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या वैद्यास त्याची किंमत परवडेल असे आम्हांस वाटत नाही.

झोटेरो ज्या भाषेत निर्देशशैली लिहिते, तिला सीएसएल म्हणतात. प्रत्येक शैली म्हणजे साध्या मजकुराची एक छोटी फाइल. व्हँकुव्हर, एपीए, शिकागो आणि निरनिराळ्या नियतकालिकांच्या मिळून दहा हजारांहून अधिक शैली विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत आपल्या संहितांच्या पत्त्याला साजेशी शैली आम्हांस आढळली नाही, म्हणून असलेल्यांपैकी जवळची एक घेऊन तिच्यात फेरफार करावयाचा.

आधी नोंद, मग शैली

शैलीला हात लावण्यापूर्वी नोंदी नीट भरल्या पाहिजेत. बहुतेकांची गाडी येथेच अडते, म्हणून या भागावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न ग्रंथकाराच्या नावाचा. चरकसंहितेचा कर्ता कोण लिहावा? उपदेश आत्रेयांचा, तंत्र अग्निवेशाचे, प्रतिसंस्कार चरकाचा, पूरण दृढबलाचे. सॉफ्टवेअर मात्र आडनाव आणि नाव असे दोन रकाने पुढे करते. 'अग्निवेश' आडनावाच्या रकान्यात आणि 'महर्षी' नावाच्या रकान्यात भरलेल्या नोंदी आम्ही पाहिल्या आहेत. त्यांतून सूचीत 'अग्निवेश म.' असे अवतरते. प्राचीन ग्रंथकारांसाठी नावाच्या रकान्याशेजारील बटण दाबून एकाच रकान्याचे नाव निवडावे आणि 'अग्निवेश' एवढेच लिहावे, म्हणजे ते जसेच्या तसे छापले जाते. चरक व दृढबल यांचे उल्लेख ग्रंथनामाच्या ओघात करावेत. 'वैद्य', 'डॉ.', 'आचार्य' या उपाधी नावात घालू नयेत. त्यातही एक मौज आहे. ज्यांच्या संपादनावर आज आपण सर्व अवलंबून आहोत, त्या यादवजी त्रिकमजी आचार्य यांचे आडनावच आचार्य आहे. ती उपाधी समजून गाळली जाते आणि मग एकाच लेखाच्या सूचीत एकदा 'आचार्य', एकदा 'त्रिकमजी' आणि एकदा 'यादवजी' असे तीन संपादक दिसतात.

दुसरा प्रश्न आवृत्तीचा. यादवजींनी संपादिलेली सुश्रुतसंहिता डल्हणाच्या टीकेसह १९३८ साली आणि चरकसंहिता चक्रपाणींच्या टीकेसह १९४१ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाली. हरिशास्त्री पराडकरांनी सिद्ध केलेले अष्टांगहृदय १९३९ चे, तेही निर्णयसागरचेच. त्यात अरुणदत्ताच्या जोडीला देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याची आयुर्वेदरसायन टीका आहे. आज बाजारात मिळणाऱ्या कित्येक प्रती ही याच ग्रंथांची पुनर्मुद्रणे होत. आपल्या हातातील प्रतीवर २०११ छापलेले असेल तर सालाच्या रकान्यात तेच लिहावे, परंतु 'एक्स्ट्रा' या रकान्यात मूळ सालाची ओळ द्यावी. सॉफ्टवेअर ती 'ओरिजिनल डेट' या नावाने ओळखते आणि शैलीत सांगितल्यास '१९४१, पुनर्मुद्रण २०११' असे छापते.

आवृत्ती नोंदविणे अनिवार्य का, तर श्लोकांक आवृत्तीनुसार सरकतात. कोणी अर्धश्लोक मोजतो, कोणी गद्य वाक्यांना अंक देतो, कोणी देत नाही. चरकाच्या चिकित्सास्थानात तर अध्यायांचा क्रमच बदलतो. निर्णयसागर आवृत्तीत राजयक्ष्म्यानंतर उन्माद व अपस्मार येतात आणि अर्शाचा अध्याय चौदावा आहे. बंगाली परंपरेतील काही आवृत्त्यांत राजयक्ष्म्यानंतर लगेच अर्श, मग अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय असा क्रम आहे. कोणते अध्याय चरकाचे आणि कोणते दृढबलाचे, या जुन्या वादाचे हे फळ. तेव्हा 'च. चि. १४' एवढ्याने वाचक अर्शावरच पोहोचेल, असे आवृत्ती सांगितल्यावाचून म्हणता येत नाही.

तिसरा रकाना 'शॉर्ट टायटल', म्हणजे लघुशीर्षक. आमच्या पद्धतीचा कणा हाच. यात ग्रंथाचे संक्षिप्त रूप भरावे : च., सु., अ. हृ., अ. सं., भा. प्र., भै. र., यो. र. संक्षेप ठरविताना एक दक्षता घ्यावी. 'शा.' हे शार्ङ्गधराचेही रूढ रूप आहे आणि शारीरस्थानाचेही. 'शा. ५' असे एकटे वाचले की अर्थ लागत नाही. म्हणून ग्रंथासाठी 'शार्ङ्ग.' आणि स्थानासाठी 'शा.' ठेवावे. 'चक्र.' याचा अर्थ चक्रदत्त हा ग्रंथ की चक्रपाणींची आयुर्वेददीपिका, हाही असाच घोटाळा. टीकेसाठी स्वतंत्र नोंद करून 'च. चक्रपाणि' असे पूर्ण रूप द्यावे हे बरे. सुश्रुताचा शेवटचा भाग उत्तरतंत्र आणि वाग्भटाचा उत्तरस्थान, दोन्ही 'उ.' असले तरी आधी ग्रंथनाम येत असल्याने तेथे गोंधळ होत नाही.

श्लोकांक मात्र नोंदीत भरू नये. तो नोंदीचा गुण नाही, त्या त्या उद्धरणाचा आहे. विशेषतः तो पृष्ठांच्या रकान्यात तर कधीच घालू नये. व्हँकुव्हर शैली पृष्ठांकांचे शेपूट तोडते : १३४ ते १३७ पृष्ठे असतील तर ती '१३४-७' अशी छापली जातात. पृष्ठांना ते चालते. परंतु इंग्रजी आकड्यांत नुसता श्लोकांक तेथे घातला तर त्याचीही तीच दशा होते, आणि संहितेच्या वाचकास '१३४-७' हे काय प्रकरण आहे ते उमगत नाही.

शैलीत फेरफार

आता मुख्य कामाकडे वळू. वर्डमध्ये निर्देश घालताना झोटेरोची जी पट्टी उघडते, तीत ग्रंथ निवडल्यावर त्याच्या नावावर टिचकी मारली असता 'पेज' असा शब्द आणि शेजारी रिकामी चौकट दिसते. या 'पेज'च्या जागी चॅप्टर, सेक्शन, लाइन असे इतर प्रकार निवडता येतात, आणि त्यांतच 'व्हर्स', म्हणजे श्लोक, हा प्रकार आहे. बहुतेक वापरकर्ते त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. आपली सर्व युक्ती त्या एका शब्दावर आहे. चौकटीत काय लिहावे यावर सॉफ्टवेअरचे बंधन नाही. 'चि. १/१/६२-७४' लिहा, 'ज्वराधिकार' लिहा, 'मध्यमखंड ६' लिहा, ते जसे आहे तसे उमटते. त्यामुळे तीन पातळ्यांचा पत्ता असलेला रसायनाध्याय, अधिकारांवर रचलेली भैषज्यरत्नावली आणि खंडांत विभागलेला शार्ङ्गधर हे सर्व एकाच सोयीत बसतात.

(रसायनाध्यायाचा पाद गाळू नये, हे येथेच सांगून ठेवतो. 'च. चि. १/६२' असा निर्देश अनेक माहितीपत्रकांत आढळतो. च्यवनप्राश पहिल्या, अभयामलकीय पादात आहे. पाद न सांगता ६२वा श्लोक शोधणारा वाचक तिसऱ्या, करप्रचितीय पादात शिरला तर शिलाजतूच्या वर्णनात जाऊन पडतो.)

राहिले ते एवढेच, की 'व्हर्स' निवडलेले असेल तेव्हा लेखक व साल न छापता लघुशीर्षक आणि त्यापुढे चौकटीतील पत्ता छापावा, अशी आज्ञा शैलीला देणे. त्यासाठी झोटेरोच्या सेटिंग्जमध्ये 'साइट' या भागात जाऊन आपल्या गरजेच्या जवळची शैली निवडावी व 'स्टाइल एडिटर' उघडावा. शैलीची फाइल समोर येते. प्रथमदर्शनी ती क्लिष्ट वाटेल, परंतु तिची मांडणी अध्यायासारखीच आहे. आरंभी 'इन्फो' म्हणजे ग्रंथपरिचय, मग 'मॅक्रो' म्हणजे परिभाषा, त्यानंतर 'सायटेशन' म्हणजे मजकुरातील निर्देशाचा विधी आणि शेवटी 'बिब्लिओग्राफी' म्हणजे सूचीचा विधी. फाइलमधील हे शब्द रोमन लिपीत असतात. येथे उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत.

पहिले काम 'इन्फो'मध्ये करावे. तेथील 'टायटल' आणि 'आयडी' हे दोन्ही बदलून आपले नवे नाव द्यावे. आयडी तसाच ठेवला तर मूळ शैलीची नवी आवृत्ती आपोआप उतरते तेव्हा ती आपल्या फेरफारावर फिरते आणि महिन्याभराने सर्व निर्देश पूर्ववत झालेले दिसतात. त्याचे कारण सापडता सापडत नाही.

दुसरे काम 'सायटेशन'मधील 'लेआउट'मध्ये. तेथे 'चूज' नावाचा खंड घालावा. त्याची पहिली शाखा 'इफ', तिच्यात अट : लोकेटर बरोबर व्हर्स. या शाखेत दोनच ओळी येतात. पहिली ग्रंथनाम लघुरूपात छापण्याची, दुसरी लोकेटर छापण्याची, आणि दोहोंमध्ये एक रिकामी जागा. दुसरी शाखा 'एल्स', तिच्यात त्या शैलीचा आधीपासून असलेला सर्व मजकूर जसाच्या तसा हलवावा. लोकेटरच्या आधी 'लेबल' छापण्याची आज्ञा 'इफ'च्या शाखेत घालू नये, नाहीतर प्रत्येक पत्त्यापूर्वी इंग्रजी 'व्ही.' येऊन बसेल. फाइल नव्या नावाने साठवून पुन्हा बसविली की काम झाले. आधुनिक संशोधनलेख पूर्वीप्रमाणे आडनाव-सालाने दिसतात, आणि संहिता 'च. चि. ८/१०३-१०४' अशा दिसतात, एकाच लेखात, एकाच शैलीने.

एडिटरच्या खालच्या चौकटीत निवडलेल्या नोंदींचा नमुना लगेच दिसतो. दोन नोंदी निवडून ठेवाव्यात, एक संहितेची आणि एक आधुनिक लेखाची, आणि प्रत्येक बदलानंतर तेथे पाहावे. एखादा कोनकंस राहून गेला तर सॉफ्टवेअर शैली नाकारते. त्याने संगणकाचे काही बिघडत नाही. फाइलमधील खुणा पाहूनच ज्यांना धास्ती वाटते, त्यांनी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला अथवा मुलीला शेजारी बसवावे. आमच्या परिसरात तरी हाच उपाय सर्वाधिक यशस्वी ठरला आहे.

अंकशैलीचा पेच

वैद्यकीय नियतकालिकांत बहुशः व्हँकुव्हर पद्धत चालते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रबंधांच्या निमित्ताने आपल्यापैकी अनेकांचा तिच्याशी परिचय झालेला आहे. तीत मजकुरात केवळ क्रमांक येतो. चरकसंहिता पाचव्या क्रमांकावर असेल तर वीस निरनिराळ्या श्लोकांना '५' हाच आकडा लागतो, आणि अनेक अंकशैली लोकेटर छापतच नाहीत. वैद्याने काळजीपूर्वक भरलेला पत्ता गिळला जातो व कोणाच्या लक्षातही येत नाही.

संपादकांची मुभा असेल तर वरच्याच 'चूज' खंडाने क्रमांकापुढे स्वल्पविराम देऊन लोकेटर छापावा, म्हणजे '(५, चि. १/१/६२)' असे रूप मिळते. मुभा नसेल, आणि पुष्कळदा ती नसते, तर शैलीशी झगडण्यात अर्थ नाही. तेव्हा नोंदीचा प्रकार 'बुक सेक्शन' करावा. प्रकरणाच्या नावात 'चिकित्सास्थान, अध्याय १, पाद १, अभयामलकीय रसायनपाद' लिहावे, ग्रंथाच्या नावात चरकसंहिता आणि संपादकाच्या जागी यादवजी त्रिकमजी आचार्य. प्रत्येक अध्यायाला सूचीत स्वतंत्र क्रमांक मिळतो. सूची लांबते आणि त्याच ग्रंथाची पाच-सहा वेळा पुनरुक्ती होते, हे खरे. परंतु परीक्षकाला पान उघडता येते. श्लोकांक वाक्यातच लिहावा : 'चिकित्सास्थानाच्या आठव्या अध्यायात (श्लोक १०३-१०४) सितोपलादी सांगितले आहे' आणि मग क्रमांक.

मराठीत लिहिताना

मराठी लेखासाठी शैली घडविताना आणखी एक सोय उपयोगी पडते. सॉफ्टवेअर स्वतःहून जे शब्द घालते, उदाहरणार्थ 'एट अल.', 'एडिटर', 'इबिड', ते शैलीच्या फाइलमध्ये 'लोकेल' नावाचा खंड लिहून बदलता येतात. आम्ही अनुक्रमे 'व इतर', 'संपा.' आणि 'तत्रैव' असे घातले आहेत. टीकाकारांच्या तोंडचा 'तत्रैव' हा शब्द संगणकाच्या तोंडी ऐकून आमच्या एका ज्येष्ठ वैद्यांना फार आनंद झाला. मात्र एका दस्तऐवजात एकच भाषा चालते, त्यामुळे इंग्रजी लेखांच्या नोंदीतही रोमन नावांपुढे 'व इतर' येते. आम्हांस ते खटकत नाही. ज्यांना खटकते त्यांनी हे शब्द मुळात होते तसे ठेवावेत. क्रमांकांचे आकडेही सॉफ्टवेअर इंग्रजी पद्धतीचेच देते. देवनागरी आकडे आपण स्वतः रकान्यात टंकित केले तरच येतात.

जुन्या फाइलींतून नोंदी उचलताना सावध असावे. श्रीलिपी वा तत्सम जुन्या टंकात लिहिलेला मजकूर झोटेरोत चिकटविल्यास निरर्थक अक्षरांची रांग दिसते. आधी तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत. 'शार्ङ्ग' आणि 'हृ' ही रूपांतरात हमखास मोडणारी स्थळे आहेत. इंग्रजी नियतकालिकासाठी रोमन लघुशीर्षकांच्या नोंदींचा वेगळा संग्रह ठेवावा. एकाच नोंदीत दोन लिप्या कोंबण्याचा प्रयत्न करू नये.

श्लोकांक पडताळण्यासाठी छापील ग्रंथाला पर्याय नाही, तरी हैदराबादच्या राष्ट्रीय भारतीय वैद्यकसंपदा संस्थेने चरक व सुश्रुत या संहिता संगणकीय रूपात उपलब्ध केल्या आहेत. त्यांत शब्द शोधून अध्याय नक्की करता येतो व मग आपल्या प्रतीतील अंक पाहता येतो. दुसऱ्याच्या लेखातून श्लोकांक उचलणे हा मात्र आपल्या क्षेत्रातील जुना रोग आहे, आणि संदर्भव्यवस्थापकाने तो बरा होत नाही. उलट एकदा चुकीचा अंक गेला की तो सुबक रूपात दहा ठिकाणी उमटतो.

औषधनिर्मात्यांसाठी

कल्पनोंदवही वर्ड वा लिबरऑफिसमध्ये ठेवून प्रत्येक कल्पापुढे झोटेरोतून संदर्भ घालावा. १९७८ साली पहिला भाग निघालेल्या भारत सरकारच्या आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत प्रत्येक कल्पाच्या नावाखाली ग्रंथाधार कंसात दिलेला आहे, तोच नमुना समोर ठेवावा. अर्ज, लेबल आणि माहितीपत्रक यांचा मजकूर या नोंदवहीतूनच उचलावा. पुढे 'शा.'चे 'शार्ङ्ग.' करावयाचे ठरले तर लघुशीर्षक एका नोंदीत बदलून 'रिफ्रेश' केले की नोंदवहीभर बदल होतो.

येथे एक मर्यादा नीट समजून घ्यावी. ग्रंथाची आवृत्ती बदलली तर नोंदीतील संपादक, प्रकाशक व साल सर्वत्र बदलतात, परंतु चौकटींत टंकित केलेले श्लोकांक बदलत नाहीत. ते जुन्याच आवृत्तीचे राहतात आणि आता नव्या आवृत्तीच्या नावाखाली छापले जातात. जुनी प्रत जीर्ण झाली म्हणून दुसऱ्या प्रकाशकाची घेतली, एवढ्यानेही हे घडते. अशा वेळी जुनी नोंद बदलू नये. नव्या आवृत्तीची नवी नोंद करून एकेक कल्प ग्रंथासमोर बसून तपासावा आणि मगच संदर्भ बदलावा. परवाना ज्या आवृत्तीच्या आधारे मिळाला, तिची नोंद तर पुसूच नये.

मुद्रकाकडे लेबलाचा मजकूर पाठविताना झोटेरोचे दुवे फाइलमध्ये तसेच ठेवू नयेत. मुद्रकाच्या संगणकावर ते तुटतात व कधी कधी संदर्भाच्या जागी भलताच मजकूर दिसतो. झोटेरोच्या पट्टीवरील 'अनलिंक सायटेशन्स' हे बटण दाबले की सर्व संदर्भ साधा मजकूर होतात. हे मूळ नोंदवहीवर न करता तिची प्रत काढून त्या प्रतीवर करावे, कारण एकदा तोडलेले दुवे पुन्हा जोडता येत नाहीत.